हाड भरेपर्यंत

आठवीच्या पहिल्या दिवशी सरकटे मॅडम वर्गात आल्या, हजेरी न घेताच टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी कान धरा."

आम्ही धरले. जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत कान धरायला कारण लागत नसे. मागच्या बाकांवरची मुलं तर सवयीप्रमाणे उठून उभीसुद्धा राहिली. मॅडमनी त्यांच्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

"उभे कामून राहिलात? बसा. आता कान पुढं दुमडा. सोडा. काय झालं?"

शिक्षेच्या मध्येच कोणी प्रश्न विचारतं, हे आम्हाला नवीन होतं. शेवटी पुढच्या बाकावरची शोभा चाचरत म्हणाली, "काई नाही झालं मॅडम. कान होता तसा झाला."

"शाब्बास. आता नाकाचा शेंडा हलवा. हलतो? आता वर या, चष्मा टेकतो तिथं. ते हलवून दाखवा."

ते काही हलेना. अख्खा वर्ग स्वतःचं नाक धरून बसलेला असताना मुख्याध्यापक व्हरांड्यातून गेले. थांबले, आत पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच पुढे गेले. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला: अस्थिभवन.

"तुम्ही आईच्या पोटात होतात, तेव्हा तुमची बहुतेक हाडं या कानासारखी होती. वाकणारी. मग त्या मऊ भागात हळूहळू हाड तयार होत गेलं. अजून होतंय. आत्ता, या तासालाही. त्याला म्हणायचं अस्थिभवन. कान, नाकाचा शेंडा असे थोडेच भाग त्यातून सुटले. म्हणून तर मास्तर लोकांना धरायला कान मिळाले."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाल्या, "अर्थ झाला. आता वापर."

हे त्यांचं पेटंट वाक्य. शब्दाचा अर्थ पाठ करणाऱ्याला त्यांच्या लेखी शून्य मार्क. नवा शब्द शिकला की तो शाळेबाहेर, तो शब्द कधीच न ऐकलेल्या माणसासमोर वापरायचा आणि ते माणूस काय बोललं ते दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगायचं. मग मॅडम निकाल द्यायच्या. "वापर बरोबर" किंवा "वापर चुकला". एवढंच. "वापर बरोबर" ऐकायला आम्ही पोरी जीव टाकायचो.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या. केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. मुलींच्या खो-खोचा संघही त्याच सांभाळायच्या, म्हणून ते बूट. मूळच्या त्या बीबी गावच्या, म्हणजे लोणार तालुक्यातल्या, बुलढाणा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. "का" विचारताना आम्ही "काऊन" म्हणायचो, त्या "कामून" म्हणायच्या. आम्ही "करून राह्यलो", तर त्या "करायलो". आम्ही त्यांच्या बोलण्याला हसायचो, त्या आमच्या. "पुस्तकातली भाषा तुम्हालाही परकी अन् मलाही परकी," त्या म्हणायच्या, "मग एकमेकींना हसायला काय हरकत?"

त्या पहिल्या दिवशी मी घरी गेले, तेव्हा आमच्या ओसरीवर आत्या बसली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं घर आमच्या घराला लागूनच, पण तिचा मुक्काम बहुतेक आमच्याकडे. गावातलं कुठलंही बाळंतपण, कुठलंही लगीन आत्याला विचारल्याशिवाय होत नसे. त्या दिवशी तिच्या मांडीवर तिच्या लेकीचं बाळ होतं आणि ती त्याच्या डोक्यावर बोटानं तेल जिरवत होती.

मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आत्या, याच्या डोक्यात अस्थिभवन होऊन राह्यलं."

"काय होऊन राह्यलं?" आत्यानं हात थांबवला. "थोबाड फोडीन. लेकराले काई बी बोलतं का वं?"

"अवं, म्हंजे मऊ असते ना, थे हाड होऊन राह्यलं."

आत्यानं माझं बोट धरलं आणि बाळाच्या डोक्यावर, मधोमध, अगदी हलकं टेकवलं. खाली धडधड लागत होती. "ह्याले टाळू म्हनते. टाळू भरून राह्यली त्याची. जराक दिवसानं पाहाशील तं इथं टणक लागन. तुह्या मॅडमले सांग, आमाले माहीत हाय म्हना."

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं सांगितलं. "थोबाड फोडीन" सकट. मॅडमनी फळ्यावर अस्थिभवनच्या शेजारी लिहिलं, "टाळू भरणे", आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वापर बरोबर. तुझ्या आत्याचाही."

त्याच तासाला शोभाचा वापर चुकला. ती तिच्या आजीला म्हणाली होती, कालच्या भाकरीचं अस्थिभवन झालं. आम्ही पोट धरून हसलो. मॅडमनी मात्र ते मनावर घेतलं. "भाकर वाळली. वाळणं वेगळं. वाळलेल्यात जीव नसतो. हाडात रक्त असतं, हाड वाढतं, मोडलं तर आपलं आपण जुळून येतं. आधी मऊ पाहिजे, जिवंत पाहिजे अन् पक्कं झाल्यावरही जिवंत राहिलं पाहिजे. तेव्हा हा शब्द." मग शोभाकडे बघून म्हणाल्या, "पण आजीसमोर वापरलास, हे चांगलं केलंस. आजी काय बोलल्या?"

"म्हने, खायाची तं खाय, नाई तं राहू दे."

आता मी का लिहिते आहे त्याकडे येते.

आमचं गाव जळगाव जामोदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मुलींना तर आठवी-नववी म्हणजे खूप झालं, असं होतं. बाबा मला शिकू देत होते, त्याचं एक कारण मी खो-खो चांगला खेळायची हे होतं आणि दुसरं, मोठं कारण हे की माझं वय कागदावर लहान होतं. कोणी लग्नाचा विषय काढला की बाबा म्हणायचे, "अजून चौदा बी पुरे झाले नाही तिले." दाखल्यावर तसं होतंच. त्या एका वाक्यावर माझी शाळा उभी होती.

आणि दाखला कसा होता, ते आमच्याकडच्या कोणालाही ठाऊक आहे. माझी जन्मतारीख एक जून. शोभाची एक जून. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरापोरींची एक जून. गावातल्या शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे, कधीचा जन्म? बाप सांगायचा, ज्या साली नाल्याला पूर आला त्या साली. गुरुजी सुस्कारा सोडून त्या दिवसापासून सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जून लिहून टाकायचे. पहिलीत येणारं प्रत्येक पोर सहाच वर्षांचं. मॅडम म्हणायच्या, "अख्खा वर्ग एकाच बाळंतपणातला. धन्य ती माऊली."

त्या वर्षी आमचा संघ चौदा वर्षांखालच्या गटात जिल्ह्याच्या सामन्यांसाठी बुलढाण्याला गेला. मी खांबावर सूर मारून गडी बाद करायची, त्यात माझा हात कोणी धरत नसे. पहिले सामने आम्ही सहज जिंकलो. उपान्त्य सामन्यानंतर हरलेल्या शाळेचे सर आमच्या मॅडमकडे आले. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, तुमची ती खांबावाली पोरगी. चौदाच्या आतली वाटत नाही हो."

"दाखला आहे," मॅडम म्हणाल्या.

"दाखले तर सगळ्यांचेच एक जूनचे आहेत," सर हसून म्हणाले आणि गेले. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "कल्पना, शाळेत नाव घातलं तेव्हा तू केवढी होतीस?"

जे झालं ते सांगायला मला अवघड वाटलं नाही, कारण त्यात काही लपवण्यासारखं आहे हे मला माहीतच नव्हतं. माझ्यामागे भाऊ झाला, माय शेतात जायची, म्हणून मी भावाला सांभाळायला घरी राहिले. तो चालायला लागला, घरच्यांच्या मागे पळायला लागला, तेव्हा माझं नाव शाळेत घातलं. कडेवर पोर घेणारी मुलगी पहिलीत सहा वर्षांची कशी असेल?

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता. दाखला खरा मानून खेळवलं असतं, तर कोणीही अडवणार नव्हतं. मुख्याध्यापकांनी तर फोनवर सांगितलं, "कागद आहे ना? मग हाडं कशाला उकरता?"

मॅडम आयोजकांकडे गेल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "आमच्या एका खेळाडूच्या वयाची खात्री करून घ्यायची आहे." आयोजकांनी चिठ्ठी दिली. आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो.

माझा पहिला एक्स-रे. डावा हात थंडगार पाटीवर पसरून ठेवायचा. मी तो पुन्हा पुन्हा मागे ओढत होते. मॅडम दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "कामून घाबरायलीस? फोटो तर काढायचाय. हसायची गरज नाही." थोड्या वेळानं डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझा स्वतःचा हात, आतून. मी भीती विसरले. डॉक्टर मॅडमना सांगत होते आणि मॅडम मला दाखवत होत्या. लहान मुलांच्या बोटांच्या हाडांच्या टोकाशी एक काळी फट दिसते. तिथं अजून कूर्चा असते, कानासारखी मऊ. हाड भरत आलं की फट मिटते. माझ्या बोटांतल्या फटी मिटल्या होत्या. मनगटापाशी मात्र एक बारीक रेघ राहिली होती.

"पंधरा-सोळा," डॉक्टर म्हणाले. "हे काही घड्याळ नाही. एक-दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात. पण चौदाच्या आतली नाही वाटत."

दुसऱ्या दिवशी आमचा संघ माझ्याशिवाय खेळला आणि हरला. परतीच्या एसटीत मुली माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मॅडमशीही नाही. राजूर घाट उतरेपर्यंत मी रडत होते. मॅडम शेजारी बसून चणे खात होत्या.

"चणे घे."

"नको."

"हरलो ते बरं वाटलं नाही मलाही. पण तुझ्या हाडानं खरं सांगितलं, मग आपल्याला खोटं कसं सांगता येईल? पुढच्या वर्षी एकोणीसच्या गटात खेळशील. तिथं तू सगळ्यात बारकी. बघू तिथं किती सूर मारतेस."

मी चणे घेतले. तोवर आम्हा दोघींनाही एक गोष्ट सुचली नव्हती. ती आत्याला सुचली.

मी घरी फिल्म दाखवली आणि डॉक्टर काय म्हणाले ते मोठ्या हौसेनं सांगितलं. आत्या सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "पंधरा-सोळा? अन् दोन वर्सं इकडं-तिकडं? म्हंजे अठराची बी असू शकते!" ती बाबांकडे वळली. "बापू, आयकलं का? डाक्टरनं सांगतलं. तू चौदा-चौदा करत बसला. नांदुऱ्याचं थे स्थळ अजून हाय. बोलनं तं करून ठू."

बाबांकडचं वाक्य संपलं होतं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर मॅडम आमच्या दारात उभ्या. पांढऱ्या बुटांवर वाटेची धूळ. शोभानं सांगितलं होतं सगळं. मायनं चटई टाकली, चहा ठेवला. मॅडमनी आधी बाळाची चौकशी केली, मग भावाच्या अभ्यासाची. आत्याच कंटाळली.

"मॅडम, तुमी शिकेल-सवरेल. तुमीच तं पोरीचं वय काहाडून आनलं. आता आमी स्थळ पाहून राह्यलो तं वाईट काऊन वाटते?"

"वय मीच काढून आणलं, हाव. म्हणून तर आले," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले एक-दोन वर्षं इकडे-तिकडे. तुम्ही सगळी तिकडे कामून धरली? इकडे धरली तर चौदाचीच होते."

"आमी मधात धरतो," बाबा हळूच म्हणाले.

"धरा. मग ती पंधरा-सोळाची. म्हणजे कायद्यानं लग्न नाही आणि नुसतं बोलणं करून ठेवलं तरी पोरीचं अभ्यासात लक्ष राहणार नाही. पण मी कायदा सांगायला नाही आले. आत्या, एक विचारू? या बाळाची टाळू भरली का?"

"भरून राह्यली. अजून जराशी मऊ हाय."

"मग त्याच्या डोक्यावर टोपलं ठेवता का?"

"कोन ठेवते वं बाई!" आत्या चक्क घाबरली. तिनं बाळाच्या डोक्यावर हात धरला. "टाळू भरल्याबिगर लेकराच्या डोक्याले कोनी धक्का बी लावू देत नाही."

"आता तुमच्या गळ्याखाली हात लावा. मधल्या खळगीपासून खांद्याकडे जातं ते आडवं हाड. लागलं? पुस्तकात त्याला जत्रुक म्हणतात. माणसाच्या अंगातलं सगळ्यात शेवटी भरणारं हाड ते. याचं आतलं टोक वीस वर्षं ओलांडली तरी भरायचं राहतं. कोणाचं बाविशीत भरतं, कोणाचं पंचविशीत."

आत्या गळ्याखालचं हाड चाचपत होती. माय चुलीपासून उठून स्वतःचं चाचपायला लागली. बाबांनीही सदऱ्याची गुंडी काढली. मी दाराआडून पाहत होते आणि मला हसू येत होतं.

"कल्पनाची टाळू केव्हाच भरली," मॅडम म्हणाल्या. "पण हे हाड अजून भरायचं आहे. टाळू भरायच्या आधी तुम्ही डोक्यावर ओझं देत नाही. मग हे भरायच्या आधी संसाराचं ओझं देता का?"

आत्याला कायदा सांगितला असता, तर तिनं दहा लग्नं मोजून दाखवली असती. पण टाळूचा विषय तिचा होता. तिच्या हाताखालून गावातली सगळी डोकी गेली होती. शेवटी ती बाबांना म्हणाली, "बापू, मॅडम बोलून राह्यल्या थे खोटं नाही. हाड भरल्याबिगर ओझं नको."

बाबांनी गुंडी लावली. "मंग हे हाड भरलं का मंग पाहू," ते म्हणाले. "मॅडम, मी सबद देतो. तिचं हाड भरेपर्यंत या घरात लगनाचा विषय निंगनार नाही."

मॅडमनी चहा संपवला, बाळाच्या गालाला हात लावला आणि निघाल्या. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत मी न राहवून विचारलं, "मॅडम, गळ्याच्या हाडाचा अन् लगनाचा खरंच काही संबंध असते का?"

"काही नसतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण मी खोटं काय बोलले सांग. हाड उशिरा भरतं, हे खरं. कोवळ्या जिवाला ओझं देऊ नये, हेही खरं. मी दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी बसवली. त्यांनी आपसात सोयरीक केली, त्याला मी काय करू?"

बाबांनी शब्द पाळला आणि नुसता पाळला नाही, मिरवला. माझी ती फिल्म त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगली. कोणी पाहुणा स्थळाचं बोलला की बाबा फिल्म काढायचे, दाराच्या उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "हे पाहा. पोरीचं हाड अजून भरलं नाही. डाक्टरचा फोटो हाय." हात दाखवायचे आणि बोलायचे गळ्याच्या हाडाबद्दल. पाहुण्याला काही कळायचं नाही, पण डॉक्टरच्या फोटोपुढे काय बोलणार? तो मान हलवून चहा पिऊन जायचा. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "वापर चुकला," म्हणाल्या. "पण राहू दे. तुझ्या बाबांना सांगू नको."

पुढच्या वर्षी मी एकोणीसच्या गटात गेले. पहिलं वर्षभर राखीव खेळाडू म्हणून सतरंजीवर बसून काढलं. मॅडम दर सामन्याला माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "बसायला शिकायलीस का? तेही यावं लागतं." दुसऱ्या वर्षी मी संघात होते.

दहावीत असताना मी एका वर्तमानपत्रातला लेख त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यात लिहिलं होतं की आपल्या व्यवस्थेचं अस्थिभवन झालं आहे. मला वाटलं, आपला शब्द इतक्या मोठ्या ठिकाणी छापून आला म्हणून मॅडम खूश होतील. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

"असा वापर करतात लोक. जे बदलायचं थांबलं, त्याला म्हणतात. शब्दकोशात सापडेलही. पण मला नाही पटत. हाडाला कामून बदनाम करायचं? हाड बदलायचं थांबत नाही. बदलायचं थांबलं त्याला वाळलं म्हणा. तुझी आत्या पाहा. साठीची बाई, पण एका दुपारी ऐकलं अन् आपलं म्हणणं फिरवलं. ती पक्की आहे. वाळलेली नाही."

तेव्हापासून मी माणसांकडे असं बघायला लागले. गावात कितीतरी माणसं कडक होती. त्यातली काही मोडली की जुळून यायची आणि काहींचा नुसता तुकडा पडायचा. मॅडम स्वतः पहिल्या प्रकारातल्या. त्यांचा नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा त्यांनी एकटीनं वाढवला, बदलीच्या गावी बौद्ध बाई म्हणून भाड्यानं खोली मिळवताना त्यांना काय काय ऐकावं लागलं, हे मला फार उशिरा, त्यांच्या मुलाकडून कळलं. त्या स्वतः त्यावर कधी बोलल्या नाहीत. आमच्यासाठी त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर होती आणि खेळून आल्यावर गूळ-शेंगदाणे होते.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या. मी खामगावला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सुट्टी टाकून बीबीला गेले. त्यांच्या मुलानं अस्थी नदीत सोडल्या नाहीत. अंगणात खड्डा करून त्यात ठेवल्या आणि वर कडुलिंबाचं रोप लावलं. मॅडमनीच तसं सांगून ठेवलं होतं. मी रोपाला पाणी घातलं. आता ते माझ्या कमरेएवढं झालं आहे, असं तो फोनवर सांगतो.

पण मॅडम म्हटलं की मला ते अंगण आधी आठवत नाही. मला त्यांच्या निरोपाचा दिवस आठवतो. त्या निवृत्त झाल्या त्याच उन्हाळ्यात माझा बी.एस्सी.चा निकाल लागला होता. शाळेत कार्यक्रम होता. हार, शाल, भाषणं. कार्यक्रम संपल्यावर मॅडम व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, पायात तेच पांढरे बूट, आणि जुने विद्यार्थी येऊन पाया पडत होते. गर्दी कमी झाली तेव्हा बाबा पुढे आले. धुतलेली टोपी, नवा सदरा. मागे आत्या, काठी टेकत. आणि बाबांच्या हातात प्लास्टिकची ती पिशवी. फिल्म कडेला पिवळी पडली होती.

"मॅडम," बाबा म्हणाले, "पोरगी बी.एस्सी. झाली. म्या सबद पाळला."

"पाळलात, भाऊ. मी पाहिलं ना."

"एक स्थळ आलं. पोरगा नोकरीवर हाय, मानसं चांगली हायेत. मले वाटते, आता हाड भरलं असन." त्यांनी पिशवी पुढे केली. "तुमी सांगा. तुमी म्हनसान तं बोलनं करतो."

अकोल्याला एक्स-रेच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. दोन वर्षांचा कोर्स. मी ते मायला सांगितलं होतं, बाबांना सांगायचा धीर झाला नव्हता. मॅडमना मात्र माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या एक वाक्य बोलल्या असत्या, तरी काम झालं असतं. बाबांनी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

मॅडमनी पिशवी हातात घेतली, फिल्म काढली, व्हरांड्याच्या उजेडात धरून पाहिली आणि पिशवीत घालून बाबांना परत दिली.

"मला कामून विचारता, भाऊ? हाड माझं आहे का?"

बाबा गोंधळले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "खरं हाय. ज्याचं हाड त्याले माहीत." मग बाबा माझ्याकडे वळले. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या लग्नाबद्दल त्यांनी मला काहीही विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. ते टोपी सारखी करत म्हणाले, "काय मंग कल्पना? भरलं का वं हाड?"

माझा हात आपोआप गळ्याखाली गेला. मधली खळगी, तिथून खांद्याकडे जाणारं आडवं हाड. टणक लागत होतं.

"अजून नाही, बाबा," मी म्हटलं. "अकोल्याले शिकाले जायचं हाय. दोन वर्सं अजून."

बाबांनी पिशवी काखेत मारली आणि माझ्याकडे नाही, मॅडमकडे पाहिलं. उत्तर बरोबर आलं की चूक, हे मास्तरकडे पाहून ठरवणाऱ्या मुलासारखं.

मॅडम खुर्चीतून उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "वापर बरोबर."